दुखणे, शब्द आणि सोबत
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे लेखरूप)



मराठी भाषेने दुखण्याच्या जितक्या छटा टिपल्या आहेत, तितक्या सुखाच्या क्वचितच टिपल्या असतील. गळू ठसठसते, दाढ ठणकते, पोटात कळ येते, कमरेत उसण भरते, पाठीत चमक निघते, खरचटलेले चुरचुरते, जखमेवर मीठ पडले की झोंबते, एकाच अवस्थेत धरून ठेवलेल्या हाताला रग लागते आणि तळपायांची आग होते. यांपैकी एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसत नाही. घरातल्या आजीबाई वैद्यासमोर बसून यांतला नेमका शब्द उच्चारीत, आणि निम्मे निदान तेथेच होई.

भाषेच्या या सामर्थ्याची दखल वैद्यकशास्त्राने उशिरा घेतली. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्ण आपल्या वेदनेचे वर्णन करताना जी विशेषणे वापरतात ती गोळा करून, त्यांतील ७८ शब्द २० गटांत विभागून त्यांनी ती सिद्ध केली. काही शब्द शरीराला काय जाणवते ते सांगणारे होते, तर काही मनाला काय वाटते ते सांगणारे. थकविणारी, भेडसावणारी, छळणारी अशी वेदनेची विशेषणेही त्यांनी वैद्यकीय पुरावा म्हणून स्वीकारली. या प्रश्नावलीचे अनेक भाषांत रूपांतर झाले. वेदना मोजायची तर रुग्णाच्या शब्दांवाचून गत्यंतर नाही, ही तिच्यामागची मूळ भूमिका होती. आजच्या विषयाचे सूत्रही तेच आहे.

विषय आहे जुनाट वेदनेचा आणि तिच्यासाठी योजिल्या जाणाऱ्या गट-उपचाराचा. इंग्रजीत त्याला ग्रुप कॉग्निटिव्ह थेरपी असे नाव आहे. मराठीत बोधनोपचार हा शब्द त्याला जवळचा वाटतो. घटनेचा आपल्याला होणारा बोध, म्हणजे तिचा आपण लावलेला अर्थ, तपासून पाहण्याचा हा उपचार आहे.

प्रथम जुनाट वेदना म्हणजे काय ते पाहू. विस्तवावर बोट पडले की वेदना होते आणि हात मागे येतो. ही वेदना पहारेकऱ्याचे काम करते. जखम भरली की पहारेकऱ्याने झोपी जावे अशी अपेक्षा असते. पण कित्येकदा जखम भरूनही पहारेकरी हाकारीतच राहतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा येणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या २०१९ मध्ये संमत झालेल्या अकराव्या आवृत्तीत अशा वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. ती आता केवळ दुसऱ्या रोगाचे लक्षण राहिलेली नाही; काही रुग्णांच्या बाबतीत ती स्वतःच एक व्याधी ठरते.

हे ध्यानात यायला फार काळ लागला. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने वेदनेचे जे चित्र रेखाटले, ते त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाची घंटा वाजते, तसे पायाला चटका बसला की मेंदूत वेदना उमटते, असे ते चित्र होते. ते इतके सोपे होते की जवळजवळ तीनशे वर्षे टिकले. त्याचा अटळ निष्कर्ष असा की, दोरी ओढणारे कोणी सापडत नसेल तर घंटा वाजतच नाही, रुग्ण खोटे बोलतो आहे. लाखो माणसांवर हा अन्याय झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धात या चित्राला पहिला मोठा तडा गेला. हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीतील आघाडीवर काम करीत होते. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना त्यांनी विचारले, की वेदनाशामक हवे का? शुद्धीवर असलेल्या, नीट उत्तर देऊ शकणाऱ्या त्या जवानांपैकी बहुसंख्यांनी नको म्हणून सांगितले. पुढे नागरी रुग्णालयात शस्त्रक्रियेची त्याहून लहान जखम झालेल्या रुग्णांची त्यांनी तुलना केली, तेव्हा त्यांतील बहुतेकांनी औषध मागितले होते. सैनिकाला जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका होती. नागरिकाला शस्त्रक्रिया म्हणजे संकट होते. जखमेचा अर्थ बदलला की वेदना बदलते, हे बीचर यांचे प्रतिपादन होते.

त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण १९६५ साली पुढे आले. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात द्वार-नियंत्रणाचा सिद्धान्त मांडला. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जणू एक दार आहे. शरीराकडून येणारे संदेश त्यातून जातात, पण ते दार किती उघडावे याविषयी मेंदूही वरून आज्ञा देत असतो. भय, चिंता, लक्ष, पूर्वानुभव यांचा परिणाम त्या दारावर होतो. सिद्धान्ताच्या तपशिलांत पुढे बरीच दुरुस्ती झाली, परंतु मेंदू हा वेदनेचा केवळ श्रोता नसून तिचा सहकर्ताही आहे, हा विचार टिकला. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखविले की सततच्या उत्तेजनाने मज्जासंस्थाच हळवी होते. मग साधा स्पर्शही दुखू लागतो. म्हणजे वेदना ‘मनाची’ असे म्हणून रुग्णाला झिडकारण्याचा अधिकार या ज्ञानाने कुणालाही दिलेला नाही. उलट, जखम दिसत नसतानाही वेदना पूर्णतः खरी असू शकते, याची ग्वाही दिली आहे.

मराठी भाषेला हे नवे नाही. ‘दुखणे’ या एकाच शब्दात वेदना आणि आजार दोन्ही सामावले आहेत. दुखणाईत, दुखवणे, दुखवटा हे शब्द शरीराकडून मनाकडे आणि मनाकडून समाजाकडे जातात. ‘सल’ पायात रुतलेल्या काट्याचाही असतो आणि वर्षानुवर्षे न विसरलेल्या शब्दाचाही. ‘वेदना’ हा संस्कृत शब्द तर जाणणे या अर्थाच्या विद् धातूपासून आला आहे. संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात भगवान बुद्धांनी दिलेला दृष्टान्त या संदर्भात आठवतो. अज्ञानी माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसरा. पहिला शरीराला होणाऱ्या दुःखाचा, दुसरा त्या दुःखाने मनाच्या होणाऱ्या आक्रोशाचा. ज्ञानी माणसाला पहिला लागतो, दुसरा लागत नाही. बोधनोपचाराला पहिल्या बाणाचे काही करता येत नाही. त्याचे सारे लक्ष दुसऱ्या बाणावर आहे.

या उपचाराचा जन्म वेदनेच्या चिकित्सेत झाला नाही. फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विषण्ण रुग्णांशी बोलताना पाहिले की, दुःखाच्या आधी एक क्षणिक विचार मनातून सरकून जातो आणि रुग्ण तो सत्य मानून चालतो. तो विचार पकडावा, कागदावर उतरवावा आणि त्याच्या बाजूचा व विरुद्धचा पुरावा तपासावा, अशी पद्धत त्यांनी घडविली. दुसरीकडे सिॲटल येथे विल्बर्ट फोर्डाइस यांनी वेदनेपायी माणसाच्या वागण्यात पडणाऱ्या खोडींचा अभ्यास करून १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला. हे दोन प्रवाह डेनिस टर्क, डोनाल्ड माइकेनबाउम आणि माइल्स जेनेस्ट यांच्या १९८३ च्या ग्रंथात एकत्र आले.

गटाची कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या वैद्याने गरीब क्षयरुग्णांचा एक वर्ग सुरू केला. आरोग्यधामाचा खर्च ज्यांना झेपत नव्हता असे रुग्ण आठवड्यातून एकदा जमत, घरी ठेवलेल्या नोंदवह्या दाखवीत, एकमेकांची प्रगती पाहत. हेतू होता आरोग्यशिक्षणाचा. पण या जमण्यानेच रुग्णांना उभारी येते, असे प्रॅट यांच्या लक्षात आले.

आता प्रत्यक्ष गटात काय घडते ते पाहू. साधारणतः आठ-दहा माणसे, आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास, सहा ते दहा आठवडे. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाची मान, कुणाचे सर्वांग. संचालन करणारा मानसशास्त्रज्ञ असतो, किंवा प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ वा परिचारिका. पहिल्या बैठकीत वेदनेचे शरीरशास्त्र सोप्या शब्दांत सांगितले जाते. ‘दुखते म्हणजे इजा होतेच आहे असे नाही’ हे एक वाक्य पटायला कित्येकांना दोन आठवडे लागतात. ज्या स्त्रीने दहा वर्षे वाकायचे टाळले, तिच्या दृष्टीने हे वाक्य सहजासहजी विश्वास ठेवण्याजोगे नसते.

दुसरे प्रकरण श्रमाच्या मोजमापाचे. जुनाट वेदनेचा रुग्ण बरे वाटणाऱ्या दिवशी आठवड्याची सारी कामे उरकून टाकतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतो. बरे दिवस कमी होत जातात, अंथरूण वाढत जाते. गटात शिकविले जाते ते असे, की दुखू लागेपर्यंत काम करायचे नाही आणि दुखते म्हणून थांबायचेही नाही. घड्याळ पाहून थांबायचे. दहा मिनिटे चालता येत असेल तर चांगल्या दिवशीही आठच मिनिटे आणि वाईट दिवशीही आठच. पुढच्या आठवड्यात नऊ. ऐकायला हे क्षुल्लक वाटते. करायला मोठा निग्रह लागतो, आणि तो निग्रह एकट्याने टिकत नाही.

तिसरे प्रकरण विचारांचे. मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये १३ विधानांची एक मोजपट्टी केली. वेदनेचाच विचार घोळवीत राहणे, तिचे अनिष्ट वाढवून पाहणे आणि आपल्या हातात काहीच नाही असे वाटणे, अशा तीन प्रवृत्ती ती मोजते. मराठीत ‘राईचा पर्वत करणे’ म्हणतात तोच हा प्रकार. परंतु त्या वाक्प्रचारातील दोषारोप येथे अभिप्रेत नाही. रात्री दोन वाजता मान दुखून जागा झालेला माणूस ‘उद्या कामावर जाता येणार नाही, नोकरी जाईल, मुलीचे शिक्षण अडेल’ असा मनाने धावत सुटतो, तो मूर्ख म्हणून नव्हे; त्याची भीती खऱ्या परिस्थितीतून आलेली असते. गटात तो विचार वहीत लिहिला जातो. शेजारी प्रश्न: मागच्या वेळी अशी मान दुखली तेव्हा काय झाले होते? किती दिवसांनी उतरली? त्या दिवशी कामावर गेला होतात का? ‘सकाळी जड गेले, दुपारपर्यंत जमले’ असे उत्तर आले, की पर्वताची पुन्हा राई होत नाही हे खरे, पण निदान टेकडी होते. टेकडी चढता येते.

आता गटच कशासाठी, हा प्रश्न. खर्च वाचतो हे एक उत्तर आहे, पण ते दुय्यम. ‘रोज मरे त्याला कोण रडे’ ही म्हण जुनाट वेदनेच्या रुग्णाइतकी कुणाला कळणार? पहिल्या महिन्यात घरातील सारे उशाशी बसतात. तिसऱ्या वर्षी ‘आज काय दुखतेय?’ या प्रश्नातही त्रास डोकावतो. घरच्यांचाही दोष नसतो. सहानुभूतीलाही थकवा येतो. मग रुग्ण दोहोंपैकी एक मार्ग धरतो: विश्वास बसावा म्हणून अधिक कण्हतो, किंवा बोलणेच सोडून देतो. गटात तो प्रथमच अशा माणसांत बसतो जिथे वेदना सिद्ध करावी लागत नाही. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ या न्यायाने तेथे सर्वांचेच जळत असते. आणि सिद्ध करण्याची गरज संपली, की बदलाविषयी बोलायला जागा होते.

दुसरे असे, की स्वतःच्या विचारातील अतिशयोक्ती माणसाला दिसत नाही, शेजाऱ्याची लगेच दिसते. शेजारच्या बाई ‘आता माझे सगळे संपले’ म्हणाल्या, की निवृत्त कारकून चटकन म्हणतो, ‘अहो, गेल्याच आठवड्यात तुम्ही नातवाला शाळेत सोडून आलात ना?’ आणि बोलता बोलता आपणही कालच हेच म्हणालो होतो, हे त्याला उमगते. डॉक्टरने सांगितलेले हेच वाक्य उपदेश ठरले असते.

गटाला धोकेही आहेत. दुखण्यांची चढाओढ लागू शकते. एकजण दीड तास बोलतो आणि सात जण ऐकून अधिक खिन्न होऊन घरी जातात. म्हणून बैठक तक्रारीपाशी थांबू न देता, ‘या आठवड्यात काय करून पाहिले?’ या प्रश्नाकडे वळविणे हे संचालकाचे कौशल्य असते. शेवटच्या बैठकांत दुखणे पुन्हा उसळले तर काय करायचे याचा लेखी आराखडा प्रत्येकजण तयार करतो, कारण ते उसळणारच असते.

या साऱ्याचा उपयोग किती? येथे अतिशयोक्ती टाळावी. इंग्लंडमध्ये ५६ दवाखान्यांतील कंबरदुखीच्या ७०१ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना सल्ला दिला गेला. काहींना त्याशिवाय एक वैयक्तिक भेट आणि गटातील सहापर्यंत बैठका मिळाल्या. वर्षभरानंतर गटातील रुग्णांची वेदना आणि अपंगत्व केवळ सल्ला मिळालेल्यांपेक्षा अधिक उतरलेले आढळले. एक निरामय जीवनवर्ष मिळविण्याचा खर्च १,७८६ पौंड आला. त्या काळी त्या देशात २० ते ३० हजार पौंडांपर्यंतचा खर्च सामान्यतः वाजवी मानला जात असे. मात्र २०२० मध्ये ७५ चाचण्या आणि ९,४०१ रुग्ण यांचा जो साकल्याने आढावा कॉक्रन या संस्थेने प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष असा की जुनाट वेदनेवरील बोधनोपचाराचा लाभ खरा आहे, पण लहान किंवा फारच लहान आहे. वेदना नाहीशी होते असे कुणी सांगितले, तर ते खरे मानू नये.

मग लहान लाभासाठी एवढा खटाटोप का? कारण दुसरे मार्गही मोठा लाभ देत नाहीत, आणि काही मार्ग मोठी हानी करतात. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून जुनाट वेदनेवर अफूवर्गीय गोळ्या सढळ हाताने दिल्या गेल्या. त्यातून व्यसनाची आणि मृत्यूंची जी लाट उसळली ती सर्वश्रुत आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०२१ मध्ये, ज्या जुनाट वेदनेला दुसरे मूळ कारण सापडत नाही तिच्यासाठी पॅरासिटॅमॉल, सूज उतरविणाऱ्या गोळ्या किंवा अफूवर्गीय औषधे नव्याने सुरू करू नयेत असे सुचविले. व्यायाम आणि बोधनोपचार यांचा मात्र पर्यायांत समावेश केला. एका गोष्टीचे भान येथे आवश्यक आहे. आधी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. ताप, कारण नसता घटणारे वजन, पायातील नवी अशक्तता, मलमूत्रावरील ताबा सुटणे अशी लक्षणे असताना गटात बसणे म्हणजे घराला आग लागली असता प्रवचन ऐकत बसणे होय.

ग्रंथालयाच्या या व्यासपीठावर हा विषय का, याचे उत्तर अमेरिकेतील अलाबामा राज्यात झालेल्या एका चाचणीत आहे. बोधनोपचार हा लिहिण्या-वाचण्यावर आधारलेला आहे. वही, तक्ते, गृहपाठ. मग ज्यांना जेमतेम वाचता येते अशा गरीब रुग्णांचे काय? बेव्हर्ली थॉर्न आणि सहकाऱ्यांनी सारे साहित्य अगदी सोप्या भाषेत पुन्हा लिहिले, आणि २९० रुग्णांवर दहा आठवड्यांचे गट चालवून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. काही गटांना बोधनोपचार मिळाला, काही गटांना वेदनेविषयीचे सोपे शिक्षण, काहींना नेहमीचीच चिकित्सा. पहिल्या दोन्ही प्रकारच्या गटांना नेहमीच्या चिकित्सेपेक्षा अधिक लाभ झाला. आणि सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा वेदना कमी झाल्याचा लाभ बोधनोपचाराच्या गटांत टिकला नव्हता, तर सोप्या शिक्षणाच्या गटांत टिकला होता. हालचालीतील सुधारणा दोहोंत टिकली. याचा अर्थ असा निघतो, की तंत्र महत्त्वाचे आहेच; पण समजेल अशा भाषेत सांगणे आणि एकत्र बसणे यांचे मोल तंत्राहून कमी नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी माणसासाठी हा निष्कर्ष विशेष बोलका आहे. तो बाजारात एक भाषा बोलतो, कचेरीत दुसरी, डॉक्टरकडे बहुधा तिसरी. पण रात्री पाठीत चमक निघाली, की ‘आई गं’ हेच शब्द ओठी येतात. परक्या भाषेत त्याची उसण, रग, ठणका आणि सणक हे सारे ‘पेन’ या एकाच शब्दात कोंबले जाते. त्याच्या मनातला तो क्षणिक विचारही मातृभाषेतच येतो. तो त्याच भाषेत पकडावा लागेल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्रशिक्षित संचालकाच्या हाती, मराठीत चालणारा असा एखादा गट उभा करायचा, तर त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. एक खोली लागते, दहा खुर्च्या लागतात, वह्या-पेन्सिली लागतात, आणि एकमेकांचे ऐकून घेण्याची सवय लागते. शंभर वर्षांच्या ग्रंथालयापाशी यांतले काय नाही?

मराठीत ‘जरा कळ काढ’ असे म्हणतात. त्यात कळ म्हणजे वेदना, आणि कळ काढणे म्हणजे धीर धरणे. दुखणे आणि धीर यांना एकाच शब्दात बांधणाऱ्या भाषेने या रुग्णांना आजवर बहुधा हेच सांगितले, की सोस. आता तिने पुढचा शब्दही सांगावा: सोस, पण एकटा सोसू नकोस, ये, बस, आणि नेमके काय होते ते सांग.